अक्रॉस की थ्रू?
नदी पार केली, जंगल पार केलं, मराठीत दोन्हीला 'पार' चालतं म्हणून इंग्रजी बोलताना घोळ होतो. सपाट काही असेल आणि या कडेवरून त्या कडेला गेलात तर अक्रॉस, पण चहूबाजूंनी वेढलेलं असेल, बोगदा, जंगल, गर्दी, तर थ्रू. म्हणजे दादरला पुलावरून रुळांपलीकडे गेलात ते अक्रॉस, आणि त्याच पुलावर संध्याकाळच्या गर्दीतून बॅग पोटाशी धरून वाट काढलीत ते थ्रू. मला अक्रॉस जास्त आवडतो बुवा, 'अक्रॉस द रोड' म्हणजे रस्त्यापलीकडे, 'अक्रॉस इंडिया' म्हणजे भारतभर, आणि शब्दकोड्यातले आपले आडवे शब्द तेही अक्रॉसच. थ्रूचं एक लक्षात ठेवा, अमेरिकन माणूस 'मंडे थ्रू फ्रायडे' म्हणाला तर शुक्रवारही धरायचा.