ठिबक इस्रायलचं, मीटर कुणाचं?

ग्रामसभेत पाण्याचा विषय निघाला की आमच्याकडे तासाभरात निम्मं जग फिरून होतं. एक जण इस्रायल म्हणतो, दुसरा फोनवर चीनच्या डोंगरांचा व्हिडिओ दाखवतो, तिसऱ्याला हिवरेबाजार तोंडपाठ. आणि पैसा पडतो तो शेवटी जेसीबीच्या डिझेलात. औंदा तुमच्या गावाला पाणलोटाचे नाहीतर सीएसआरचे, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचे, चार पैसे मिळणार असतील, तर कोणाची नक्कल करायची हे आधी ठरवलेलं बरं.

इस्रायलपासून सुरुवात करू, कारण सगळे तिथूनच करतात. 1965 साली हात्झेरीम नावाच्या किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक शेतीच्या वसाहतीत, ठिबकचा कारखाना निघाला, ते आपल्याला माहीत असतं. त्याच्या सहा वर्षं आधी, 1959 ला, त्या देशाने कायदा केला, तो मात्र कोणी सांगत नाही. पाणी सार्वजनिक. तुमच्या जमिनीत, तुमच्या पैशाने पाडलेल्या विहिरीचंसुद्धा. किती उपसायचं ते सरकार ठरवणार आणि मीटर मोजणार. शहरांचं जवळपास 90 टक्के सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरतात, बहुतेक शेतीलाच, आणि पिण्यासाठी समुद्राचं पाणी गोडं करतात. आपण यातलं काय उचललं? नळ्या. समुद्र तर आपल्या मराठवाड्याला नाहीच.

माझंच सांगतो. दोन एकर ऊस ठिबकवर घेतला. पाणी वाचलं, हे खरं. वाचलेल्या पाण्यावर तिसरा एकर लावला, हेही खरं. पुढच्या उन्हाळ्यात सातशे फुटांचा बोअर फुफाटा ओकायला लागला. ठिबकचा दोष नव्हता, माझ्या हाताला धरणारं कोणी नव्हतं. मराठवाड्यातली धरणं नळांनी जोडायच्या ग्रीडचा आराखडाही इस्रायलच्याच सरकारी कंपनीकडून करून घेतला गेला. पण नळाच्या एका टोकाला पाणी लागतं. 2016 च्या एप्रिलात मांजरा धरण आटलं तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं.

ऑस्ट्रेलियाचं थोडक्यात. मरे-डार्लिंग खोऱ्यात उपशावर 1995 ला कमाल मर्यादा घातली. पाण्याचा हक्क जमिनीपासून सुटा केला, तो विकता येतो, आणि पुढे सरकारने नदीसाठी शेतकऱ्यांकडून पाणी विकतही घेतलं. आपल्या गावात असा बाजार भरला तर पाणी कोणाच्या दारात जाईल हे शेंबडं पोरही सांगेल. ते सोडा. मर्यादा तेवढी घ्या. तुटीच्या वर्षी नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं म्हटलं की वरचे आणि खालचे कोर्टात उभे राहतात; गावात वरच्या आणि खालच्या विहिरीचं भांडण तेच, फक्त वकील नसतो. हिवरेबाजारने पाऊस मोजून पिकं ठरवायची आणि शेतीला बोअर पाडायचा नाही, असं गावातल्या गावात जमवलं.

आता चीन. लोएस पठारावर 1994 ते 2005 या काळात जागतिक बँकेच्या पैशातून सुमारे 35,000 चौरस किलोमीटर उघडा पडलेला मुलूख हिरवा केला. उतारावर नांगर बंद, शेळ्या मोकळ्या सोडणं बंद, टेकड्यांना पायऱ्या. व्हिडिओ बघून माणूस भारावतो. पण तिथली माती मऊ आणि पुरुषभर काय, कित्येक मीटर खोल. आपल्या बालाघाटाच्या डोंगरावर कुदळ हातभर गेली की मुरूम, मग काळा पाषाण. शिवाय 1999 नंतर चीन सरकारने उतार सोडणाऱ्या शेतकऱ्याला धान्य आणि रोख दिली. आपण चराईबंदीचा ठराव हात वर करून पास करतो, आणि शेळ्या असतात भूमिहीनाच्या. त्याच्या चाऱ्याचं काय, हे इतिवृत्तात कुठंच नसतं. माथा ते पायथा काम आपल्याकडे होतं, यात शंका नको. जालन्याजवळ कडवंचीने भारत-जर्मन पाणलोट कार्यक्रमात ते केलं आणि पुढे द्राक्षं पिकवली.

माझा कल विचाराल तर आफ्रिकेतला नायजर. गरीब देश, म्हणूनच कदाचित ग्रामसभेत कोणी नाव घेत नाही. 1980 च्या दशकात मराडी भागात दिसून आलं की तोडलेल्या झाडांची खोडं जमिनीखाली जिवंत आहेत. रोपं नको, खड्डे नको, पाण्याचा टँकर नको. फुटव्यांतले दोन-तीन राखायचे, बाकीचे छाटायचे. पुढे सुमारे 50 लाख हेक्टरवर असं झाड आलं. पण त्याआधी तिथं झाड सरकारचं मानलं जाई, म्हणून शेतकरी फुटवा दिसताच उपटून टाकी. झाड आपलं झालं तेव्हा राहिलं. आपल्या बांधावरही बोर, बाभूळ, लिंब फुटतातच, आणि आपण दर उन्हाळ्यात पेटवून देतो.

शेजारच्या बुर्किना फासोत याकुबा सावादोगो या शेतकऱ्याने जुनी ‘झाई’ पद्धत सुधारली. उन्हाळ्यात कडक झालेल्या रानात छोटे खड्डे, त्यात शेणखत. वाळवी येते, जमीन पोखरते, पहिला पाऊस आत जिरतो. 2018 ला त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. आपल्याकडे हे बरड माळाला चालेल. काळ्या रानात करू नका, पाणी तुंबून चिबड होईल.

दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउन शहराने 2018 च्या दुष्काळात माणशी रोज 50 लिटरची मर्यादा घातली. संभाजीनगर-लातूरच्या नगरसेवकांनी जरूर वाचावं. टँकरमागं हंडे घेऊन पळणाऱ्या गावाला काटकसर वेगळी शिकवायला नको.

तेव्हा पाटोदा, आष्टी, भूमसारखं माळरान असेल तर आधी नायजर, मग चीन, तोही शेळीवाल्याच्या चाऱ्याची सोय लावून. गोदाकाठ किंवा मांजरा पट्टा असेल तर नवे बंधारे राहू द्या. उसाचा एकर किती यावर मर्यादा घाला. ठिबकचं अनुदान घ्याच, पण क्षेत्र वाढवणार नाही असा ठराव आधी. आणि प्लास्टिकचं शेततळं बोअरने भरून उन्हात वाळवायचं असेल, तर त्यावर गावाचा एक रुपयाही घालू नका.

या सगळ्याआधी शिवारातले चालू बोअर मोजावे लागतील. आमच्या गावात तिघं वही घेऊन निघालो होतो. चौथ्या दिवशी कोणीतरी ओरडून विचारलं, नाल्याकडचा बोअर यादीत का नाही. वही माझ्याच हातात होती, आणि बोअरही माझाच होता.