सीमाभागावरील शोधनिबंध कोठे पाठवावा : तीन वाटांची तुलना

कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठी भाषक पट्ट्यात ग्रामपंचायतीचा कारभार, मराठी माध्यमातील मुलांचे कन्नड शिकणे आणि त्याच मुलांचा पुढे नागरिक म्हणून होणारा सहभाग हे तीन विषय एकमेकांपासून तोडता येत नाहीत. १९६३ च्या कायद्यानुसार राज्यकारभाराची भाषा कन्नड आहे, २०१५ च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत कन्नड शिकवणे बंधनकारक केले आहे, आणि दुसरीकडे राज्यघटनेच्या कलम ३५०-अ नुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करणे हे राज्याचे काम आहे. या तिन्हींच्या सांध्यावर काम करणाऱ्या मराठी भाषक संशोधकांची संख्या वाढावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. निबंध लिहून झाल्यावर तो पाठवायचा कोठे, हा प्रश्न बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठातील विद्यार्थ्यापुढे जसा उभा राहतो, तसाच कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात नाव नोंदवलेल्या आपल्याकडच्या विद्यार्थ्यापुढेही उभा राहतो. प्रत्यक्षात वाटा तीन आहेत : लेखकाकडून शुल्क घेणारी मोठी बहुविद्याशाखीय मुक्त (म्हणजे वाचकाला मोफत असणारी) पत्रिका, शुल्क न घेणारी एकाच विषयाची मुक्त पत्रिका, आणि वर्गणीवर चालणारी जुनी पत्रिका, जिच्यातील निबंधाची प्रत लेखकाने स्वतः मुक्त संग्रहात ठेवायची असते.

पहिली वाट आकर्षक वाटते आणि तिचे काही गुण खरे आहेत. २००६ मध्ये सुरू झालेली प्लॉस वन किंवा २०११ मध्ये सामाजिक शास्त्रांसाठी निघालेली सेज ओपन यांसारख्या पत्रिका निबंधाचे निष्कर्ष किती नवे किंवा लक्षवेधी आहेत याऐवजी पद्धत बिनचूक आहे का, हे पाहतात. सीमाभागाच्या अभ्यासकाला याचा मोठा उपयोग आहे. कन्नड चांगले येणाऱ्या तरुणांची ग्रामसभेतील हजेरी इतरांपेक्षा वेगळी नाही, असे उत्तर मिळाले तर विषयाला वाहिलेली पत्रिका पुष्कळदा त्यात विशेष काही नाही असे म्हणते. या मोठ्या पत्रिकांत असा निष्कर्षही छापून येऊ शकतो, आणि भाषेविषयी ज्या प्रदेशात ठाम मतांची कमतरता नाही तेथे असा निष्कर्ष नोंदला जाणे अत्यंत गरजेचे आहे.

अडचण येते ती पैशांची आणि परीक्षकांची, म्हणजे छापण्यापूर्वी निबंध तपासणाऱ्या जाणकारांची. या वर्गातील नामांकित पत्रिकांचे शुल्क १,००० डॉलरच्या वर असते, म्हणजे रुपयांत ८० हजारांच्या पुढे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्तीची मासिक रक्कम ३७,००० रुपये आहे हे लक्षात घेतले तर दोन महिन्यांची पाठ्यवृत्ती एका निबंधात जाते, आणि आपल्याकडच्या कितीतरी संशोधकांना तीही मिळत नाही. शुल्कमाफीची आपोआप मिळणारी सवलत सहसा गरीब देशांच्या ठरावीक यादीवर अवलंबून असते. त्या यादीत भारत नसल्यामुळे आपल्याला वेगळा अर्ज करून वाट पाहावी लागते. हा अर्ज निबंध पाठवतानाच करावा, स्वीकृतीनंतर केलेला अर्ज बहुतेक पत्रिका विचारात घेत नाहीत.

परीक्षकांचा मुद्दा मला पैशांपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. समजा, निबंधाच्या प्रश्नावलीत ‘आपल्याला कन्नड येते का?’ असा एक प्रश्न आहे आणि उत्तरे ‘चांगले’, ‘थोडे’, ‘नाही’ अशी आहेत. संख्याशास्त्र जाणणारा परीक्षक नमुन्याचा आकार आणि गणिते तपासून ते पान पुढे जाऊ देईल. भाषाशिक्षणाचा जाणकार मात्र तेथेच थांबेल. बसवरची पाटी वाचता येणे, ग्रामसभेत पीडीओ (पंचायत विकास अधिकारी) जे बोलतात ते समजणे, उठून त्यांना उलट प्रश्न विचारता येणे आणि घरकुलाचा अर्ज स्वतःच्या हाताने कन्नडमध्ये लिहिता येणे या चार निरनिराळ्या क्षमता आहेत. खानापूर तालुक्यातील एखादी बाई पहिल्या दोन्हींत तरबेज असून चौथ्यासाठी शेजारच्या मुलावर अवलंबून असू शकते. तिने ‘थोडे’ असे उत्तर दिले तर तिच्या सहभागाविषयी आपल्या हाती काहीच लागत नाही. हा प्रश्न निबंध छापण्याआधी कोणीतरी विचारायला हवा. बहुविद्याशाखीय पत्रिकेत तो विचारणारा परीक्षक मिळेल की नाही, हे संपादकाने कोणाला निवडले यावर ठरते; म्हणून निबंधासोबतच्या पत्रात भाषाशिक्षणाचा एक आणि पंचायत राज्याचा एक असे दोन परीक्षक नेमावेत अशी विनंती स्पष्ट शब्दांत करावी.

याच नावाने चालणाऱ्या एका वेगळ्या धंद्याविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यावर जास्त शब्द खर्च करण्याची गरज नाही. ‘आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय’ असे शीर्षक लावून दोन-तीन हजार रुपयांत आणि आठवडाभरात निबंध छापून देणारी, सोबत प्रमाणपत्रही पाठवणारी मासिके या तुलनेत बसतच नाहीत. आठवडाभरात परीक्षण होत नाही. यूजीसीने २०२५ च्या फेब्रुवारीत मान्य पत्रिकांची आपली केअर यादी बंद केल्याचे जाहीर केल्यापासून पत्रिका पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर आणि विभागांवर आली आहे, त्यामुळे आपल्या मार्गदर्शकांशी बोलून हे आधीच ठरवून घेतलेले बरे. घाई करण्याचे एक जुने कारणही आता उरलेले नाही : पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध छापून आलाच पाहिजे, ही यूजीसीची अट २०२२ च्या नियमांत राहिली नाही. आपल्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का, एवढे मात्र विचारावे.

दुसरी वाट, म्हणजे लेखकाकडून शुल्क न घेणारी आणि वाचकालाही मोफत असणारी विषयवार पत्रिका, पुष्कळांच्या नजरेतून सुटते. २००३ मध्ये स्वीडनमधील लुंड विद्यापीठात सुरू झालेल्या डीओएजे या सूचीत आज २० हजारांहून अधिक मुक्त पत्रिका आहेत आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक पत्रिका लेखकाकडून काहीही घेत नाहीत. सूचीत शुल्क नसलेल्या पत्रिका वेगळ्या काढता येतात. भाषाधोरण, बहुभाषिक शिक्षण, स्थानिक स्वराज्य असे शब्द घालून शोधल्यास काही तासांत आपल्या कामाची नावे हाती येतात. या पत्रिका विद्यापीठे किंवा अभ्यासकांच्या संस्था चालवतात, संपादक बहुधा विनावेतन काम करतात, आणि त्यामुळे निर्णयाला वर्षभर लागू शकते. शिवाय भाषेच्या पत्रिकेला पंचायतीवरचा भाग लांबलेला वाटेल, तर कारभाराच्या पत्रिकेला शाळेवरचा भाग कापावासा वाटेल. तरीही परीक्षण बहुधा जाणकाराकडून होते, आणि माझ्या मते नवख्या संशोधकाला एका कसलेल्या परीक्षकाच्या चार पानी आक्षेपांतून जे शिकायला मिळते ते अन्यत्र मिळणे कठीण आहे.

तिसऱ्या वाटेत मुंबईहून १९६६ पासून निघणाऱ्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीसारखी प्रतिष्ठित साप्ताहिके आणि परदेशी प्रकाशकांच्या पत्रिका येतात. लेखकाला खर्च नाही, निवड समितीपुढे नाव चालते. वाचकाला मात्र वर्गणी लागते. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे ३० प्रकाशकांच्या सुमारे १३ हजार पत्रिका सरकारी उच्च शिक्षणसंस्थांत वाचता येतात, पण ही सोय त्या संस्थांतील वाचकांसाठीच आहे. निपाणीच्या शाळेतील शिक्षिकेला, ग्रामपंचायत सदस्याला किंवा सीमालढ्यातील कार्यकर्त्याला तिचा उपयोग नाही, आणि निबंधासाठी मुलाखती दिलेल्या असतात त्या याच लोकांनी. ही वाट निवडली तर परीक्षणानंतर स्वीकारलेली, पण प्रकाशकाने मांडणी न केलेली प्रत झेनोडोसारख्या मुक्त संग्रहात ठेवण्याची परवानगी पत्रिका देते का आणि किती महिन्यांनी देते, हे पाठवण्यापूर्वीच पाहावे. सामाजिक शास्त्रांत ही मुदत १२ ते २४ महिन्यांची असू शकते.

तिन्ही वाटांवर लागू असलेल्या दोन गोष्टी निर्णय फिरवू शकतात. पहिली गोष्ट माहितीसाठ्याची. मुक्त पत्रिका आता मुलाखतींची आणि सर्वेक्षणाची मूळ माहितीही मुक्त ठेवायला सांगू लागल्या आहेत. ‘महिला सदस्य, वय ३८, मराठी माध्यम, सातवी पास, मागास प्रवर्गातील राखीव जागा’ अशी एक ओळ तक्त्यात आली की गावाचे नाव झाकूनही त्या पंचायतीतील कोणीही ती बाई कोण हे सांगेल. सीमाप्रश्नावर महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि ८६५ गावांचे नाव निघाले की वातावरण तापते. अशा ठिकाणी तिने पीडीओविषयी किंवा पक्षाविषयी मोकळेपणाने जे सांगितले ते तिला त्रासदायक ठरू शकते. म्हणून संवेदनशील माहिती एकत्रित रूपात किंवा मागणीवरून देण्याची मुभा असलेलीच पत्रिका निवडावी, आणि मुलाखतीपूर्वीचे संमतिपत्र मराठी व कन्नड दोन्हींत करून ही बाब त्यात आधीच लिहावी.

दुसरी गोष्ट परवान्याची. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सीसी-बाय परवान्याखाली निबंध आला तर श्रेय देऊन कोणीही त्याचे मराठी किंवा कन्नड भाषांतर प्रसिद्ध करू शकतो. त्याच परवान्याला ‘एनडी’ ही अक्षरे जोडली असतील तर भाषांतर वाटता येत नाही, आणि प्रताधिकार प्रकाशकाला लिहून दिला असेल तर खुद्द लेखकालाही परवानगी मागावी लागते. १५ टक्क्यांहून अधिक भाषिक अल्पसंख्याक असलेल्या भागात सरकारी परिपत्रके त्यांच्या भाषेत मिळावीत म्हणून आपण इतकी वर्षे आग्रह धरला आहे; आपल्याच लोकांवरचे संशोधन त्यांना इंग्रजीतच वाचावे लागू नये.

हे सर्व पाहता माझा कौल शुल्क न घेणाऱ्या विषयवार पत्रिकेला आहे, आणि निबंधाचा गाभा भाषाशिक्षण असेल तर भाषेच्या, कारभार असेल तर पंचायत राज्याच्या पत्रिकेकडे जावे. आकडेवारी भक्कम असून निष्कर्ष नकारात्मक असेल आणि शुल्क संस्था भरणार असेल, तर बहुविद्याशाखीय पत्रिका अधिक योग्य. प्राध्यापकपदाची मुलाखत तोंडावर असेल तर वर्गणीची पत्रिका निवडण्यात गैर नाही, मात्र मुक्त प्रतीची परवानगी लेखी घ्यावी. कोणतीही वाट धरली तरी तीन-चार हजार शब्दांचा स्वतंत्र मराठी लेख समाज प्रबोधन पत्रिका किंवा भाषा आणि जीवन यांसारख्या नियतकालिकाकडे पाठवावा, आणि तो छापून आल्यावर त्याची प्रत मुलाखती दिलेल्या प्रत्येक गावातील वाचनालयात नेऊन द्यावी.