मॉरिस एटच्या रिफ्लेक्टरला चांदीचं पाणी : नऊ महिन्यांनंतर

गेल्या रविवारी डाव्या डूमची, म्हणजे हेडलाइटची, काच उघडली आणि डोकंच फिरलं. डिसेंबरात चांदीचं पाणी चढवलेल्या रिफ्लेक्टरच्या, म्हणजे बल्बमागच्या वाटीच्या, कडेनं गोल काळा पट्टा, करंगळीएवढा रुंद, कंपासनं आखल्यासारखा. आतली वाटी मात्र आरशासारखी लख्ख.

गाडी आजोबांची, १९३८ ची. सहा व्होल्टचा उजेड तो केवढा, त्यात वाटीतून पितळ दिसायला लागलेलं. क्रोम करून घ्या, स्वस्त पडेल, असं सांगणारे बरेच भेटतील. ऐकू नका. चांदी ९५ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फेकते, क्रोम ६५ च्या आसपास. दिसायला दोन्ही चकाचक, रस्त्यावर मात्र फरक कळतो.

कुपवाडच्या एमआयडीसीत एका प्लेटिंगवाल्यानं दोन्ही वाट्यांचे ३,६०० घेतले, बफिंगसकट (घासून चमकवणं). बफिंग सुरेख. पण न विचारता वरून लॅकर, म्हणजे पारदर्शक वार्निश, मारलं. त्यावरून भांडलो. लॅकरनं चमक मरते आणि बल्बच्या उष्णतेनं ते पिवळं पडतं. त्यानं कुरकुरत काढून दिलं. पावसाळ्यापर्यंत मी भेटेल त्याला त्याचंच नाव सांगत होतो.

पट्टा बघितल्यावर लगेच फोन केला, थर पातळ दिलास म्हणून बरंच बोललो. त्यानं शांतपणे विचारलं, "काका, काचेखाली रबर लावलंय का?"

लावलं होतं. बूच महाग म्हणून डावीकडं चाळीस रुपयांचं रबरी गॅस्केट टाकलं होतं. रबर पक्कं करताना त्यात गंधक घालतात, आणि गंधक लागलं की चांदी काळी पडणारच. उजव्या डूमला जुनंच बुचाचं गॅस्केट आहे. तीही काच उघडली. आत एक डाग नाही. तीच चांदी, तोच माणूस, तोच पाऊस. दुसऱ्या दिवशी कुपवाडला जाऊन त्याची माफी मागितली.

पट्टा घासून काढायचा नाही. ब्रासो नाही, रांगोळी नाही, राख तर नाहीच. थर मायक्रॉनातला असतो, घासाल तेवढी चांदी फडक्यावर येते. आई देवाची चांदीची भांडी करते तसंच केलं : पातेल्यात अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, मूठभर खायचा सोडा, उकळतं पाणी, आणि वाटी फॉइलला टेकलेली. पाच मिनिटांत पट्टा फिकटला, दुसऱ्या खेपेला जवळजवळ गेला. काळा थर म्हणजे गंधक लागलेली चांदीच, या युक्तीनं गंधक सुटतं आणि चांदी वाटीवरच राहते. नंतर साध्या पाण्यानं धुऊन, न पुसता सावलीत वाळवली.

आता बुचाचा पत्रा आणून ब्लेडनं गोल कापलाय. काल रात्री हरिपूरला जाऊन आलो. दोन्ही झोत सारखे पडतात.