संरक्षण खात्यात वरपर्यंत जायचंय: यूपीएससी की प्रयोगशाळा?

दिवाळीत आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या दोघा सख्ख्या भावांनी विचारलं, "काका, संरक्षण मंत्रालयात मोठ्या पदावर पोचायचं तर यूपीएससी द्यावी की डीआरडीओत शास्त्रज्ञ व्हावं?" डीआरडीओ म्हणजे संरक्षण खात्याची संशोधन संस्था. मी दोन्ही दारं ठोठावली आहेत, म्हणून लिहितो. सुरुवातीचा पगार दोन्हीकडे केंद्राच्या वेतनश्रेणीतली लेव्हल १०, त्यावर डोकं खपवू नका.

यूपीएससीचा आवाका मोठा, हे मान्यच. पण संरक्षण सचिव बहुतेक वेळा आयएएस असतो आणि त्याची हयात संरक्षणातच गेलेली असते असं नाही. गिरिधर अरमाने रस्ते वाहतूक खात्यातून आले, त्यांच्यामागून राजेशकुमार सिंह उद्योग खात्यातून. कायम संरक्षणातच राहायचं तर यूपीएससीतूनच मिळणारी संरक्षण लेखा सेवा आहे, आयडीएएस: लेखापरीक्षण, बिलं, खरेदीतला आर्थिक सल्ला, आणि नशिबात असेल तर सचिव (संरक्षण वित्त).

माझ्या घोड्यानं पेंड खाल्ली ती इथेच. पसंतीक्रम आपण भरतो, पण सेवा ठरते रँकवर आणि जागांवर. मी आयडीएएस अगदी वर लिहिली होती. यादी आली तेव्हा माझ्या नावापुढे भलतीच सेवा. बाबांनी चष्मा पुसून ती ओळ पुन्हा वाचली. म्हणाले, "नोकरी चांगली आहे रे, पण तुला हे कुठे करायचं होतं?" मी रुजू झालो नाही. तो पसंतीचा कागद अजून कपाटात आहे.

पुढे मी डीआरडीओत लागलो. तिथे निदान ही टांगती तलवार नाही. अर्ज करतानाच खातं ठरलेलं असतं. समीर कामत १९८९ साली हैदराबादच्या धातुशास्त्र प्रयोगशाळेत लागले आणि २०२२ मध्ये अध्यक्ष झाले. अध्यक्ष हा संरक्षण संशोधन विभागाचा सचिवही असतो. बढतीसाठी वरची जागा रिकामी व्हायची वाट बघत बसावं लागत नाही, केलेलं काम मंडळापुढे मांडायचं. अडचणी आहेतच: एकाच विषयात वर्षं जातात, घरी कामाबद्दल बोलता येत नाही, मोबाइल गेटवर ठेवावा लागतो. आईला माझ्या ऑफिसचा लँडलाइन नंबर तोंडपाठ आहे.

माणसं सांभाळायची, निर्णय घ्यायची आवड असेल तर यूपीएससी जरूर द्यावी. थोरल्याला मी तेच म्हटलं. धाकटा केमिस्ट्रीत एमएस्सी करतोय, आणि रासायनिक-जैविक संरक्षणाचं काम करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा, डीआरडीई, तर आपल्या ग्वाल्हेरातच आहे. त्याला म्हटलं, डीआरडीओच्या भरतीत जिचे गुण धरतात त्या गेट परीक्षेचा फॉर्म आधी भर. यूपीएससीला सर्वसाधारण गटातून ३२ वर्षांपर्यंत सहा संधी आहेत, ती कुठे पळून जात नाही.