नोकरी सोडावी, रजा घ्यावी, तास कमी करावेत की मदतनीस ठेवावा?

घरातले कुणी दीर्घकाळ आजारी पडले की नोकरी करणाऱ्या माणसापुढे चार मार्ग असतात: राजीनामा देणे, लांब मुदतीची रजा घेणे, कामाचे तास कमी करून घेणे, किंवा नोकरी पूर्णवेळ चालू ठेवून शुश्रूषेसाठी पगारी मदतनीस नेमणे. या चारांतून निवड करताना बहुतेकजण आधी आपल्या मनाला विचारतात आणि मग हिशेब मांडतात. माझ्या मते पहिले दोन प्रश्न आजारी व्यक्तीविषयीचे असावेत. तिला नेमकी कोणत्या कामांत मदत लागते, आणि ती किती काळ लागणार आहे? ही उत्तरे हाती आली की चारपैकी दोन मार्ग सहसा आपोआप बाजूला पडतात.

पहिल्या प्रश्नासाठी वृद्धसेवेच्या क्षेत्रात दोन जुन्या मोजपट्ट्या आजही वापरल्या जातात. अमेरिकी डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये मांडलेल्या पट्टीत सहा मूलभूत क्रिया आहेत: अंघोळ, कपडे घालणे, शौचालयाचा वापर, अंथरुणातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावरील नियंत्रण आणि स्वतःच्या हाताने खाणे. लॉटन आणि ब्रॉडी या संशोधकांच्या 1969 च्या पट्टीत आठ कामे येतात: फोन करणे, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, औषधे वेळेवर घेणे आणि पैशांचे व्यवहार. निर्णय घेणाऱ्याच्या दृष्टीने या दोन याद्यांतला फरक वेळेचा आहे. दुसऱ्या यादीतली बहुतेक कामे संध्याकाळवर ढकलता येतात, सुट्टीच्या दिवशी उरकता येतात किंवा फोनवरून निभावता येतात. पहिल्या यादीतले एकही काम थांबून राहत नाही. पक्षाघातानंतर एक बाजू लुळी पडलेल्या वडिलांना सकाळी साडेदहा वाजता शौचाला जायचे असेल, तर त्यांना आधार देऊन उठवणारे, तोल सांभाळून खुर्चीत बसवणारे आणि परत आणणारे माणूस त्याच क्षणी घरात हवे. ज्यांना स्वतः कूस बदलता येत नाही त्यांची कूस दिवसरात्र दर काही तासांनी बदलावी लागते, नाहीतर शय्याव्रण, म्हणजे सतत एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा, होतात. त्यामुळे गरज फक्त दुसऱ्या यादीतली असेल, तर राजीनामा देण्याची घाई कुणीही करू नये असे मी ठामपणे म्हणेन. लवचीक वेळ किंवा घरून काम एवढ्यावर अशा घराचे भागते. पहिल्या यादीतल्या दोन-तीन क्रियांत मदत लागू लागली की मात्र घरून काम हा उपाय अपुरा पडतो, कारण बैठक चालू असताना शेजारच्या खोलीतून हाक आली तर दोन्हीपैकी एक काम अर्धवट सुटणारच.

दुसरा प्रश्न कालावधीचा. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर सर्वांत जास्त मदत सुरुवातीच्या काही आठवड्यांत लागते. पक्षाघातात पहिले काही महिने व्यायामोपचाराच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णाजवळ घालवलेले दिवस नंतर कोणत्याही किमतीला मिळत नाहीत. या तिन्ही प्रसंगी सलग रजा सर्वांत योग्य. स्मृतिभ्रंशाचे तसे नाही. तो अनेक वर्षे चालतो आणि गरज हळूहळू वाढत जाते, म्हणून निदान होताच सगळी रजा संपवणारा माणूस खरा कठीण काळ येईपर्यंत रिकाम्या हाताने उभा राहतो.

जपानच्या कायद्याने ही गोष्ट नेमकी ओळखली आहे असे मला वाटते. तिथे शुश्रूषेची गरज असलेल्या प्रत्येक नातेवाइकासाठी एकूण 93 दिवसांची रजा मिळते, ती तीन हप्त्यांत विभागून घेता येते, आणि त्या काळात रोजगार विम्यातून पगाराच्या 67 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. 93 दिवसांत कुणाचीही दीर्घकालीन शुश्रूषा पूर्ण होत नाही, पण चांगला मदतनीस शोधणे, घरात आधाराचे दांडे बसवणे, भावंडांत कामाची वाटणी करणे आणि कागदपत्रे मार्गी लावणे एवढे नक्की होते. रजा ही व्यवस्था उभी करण्यासाठी असते, हा त्यामागचा विचार कुठल्याही देशातल्या माणसाने उचलावा असा आहे. अमेरिकेत 1993 च्या कायद्यानुसार पात्र कर्मचाऱ्यांना वर्षाला 12 आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते. ब्रिटनमध्ये एप्रिल 2024 पासून वर्षाला एक आठवडा, तीही बिनपगारी. इतक्या थोड्या रजेत तर स्वतः शुश्रूषा करण्यापेक्षा तिची सोय लावण्यालाच प्राधान्य द्यावे लागते.

तास कमी करणे आणि मदतनीस ठेवणे यांत निवड करणे सर्वांत अवघड. मदतनीसामुळे पगार आणि बढतीची वाट शाबूत राहते, परंतु तो एके दिवशी आलाच नाही तर काय, याचे उत्तर आधीच ठरलेले नसेल तर सगळा डोलारा सकाळी सात वाजता कोसळतो. शिवाय मदतनीसावर देखरेख करणे हेही एक कामच असते, आणि ते कुणाच्या हिशेबात धरलेले नसते. कमी तासांत माणूस स्वतः हजर राहू शकतो, पण पुष्कळ ठिकाणी पगार कमी होतो आणि जबाबदारी तेवढीच राहते. जर्मनीत 25 पेक्षा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांत काम करणाऱ्यांना आठवड्याला किमान 15 तास काम चालू ठेवून 24 महिन्यांपर्यंत तास कमी करून घेण्याचा हक्क आहे. मला ही रचना आवडते, कारण तिच्यात मुदत ठरलेली आहे.

राजीनाम्याचा विचार मी सर्वांत शेवटी करीन. त्यात आजचा पगार जातो हे सर्वांना दिसते; थांबलेली निवृत्तीची बचत, हुकलेल्या वेतनवाढी आणि काही वर्षांनी परत येताना खालच्या पायरीपासून करावी लागणारी सुरुवात सहसा दिसत नाही. आणि राजीनामा कोण देणार, हा प्रश्न घरात बहुधा विचारलाच जात नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार जगभरातल्या विनामोबदला शुश्रूषा आणि घरकामाच्या एकूण तासांपैकी 76.2 टक्के तास स्त्रिया देतात. ज्याचा पगार कमी त्याने घरी राहावे हा युक्तिवाद हिशेबाचा वाटतो, पण तोच हिशेब दर वेळी त्याच व्यक्तीचा पगार आणखी कमी करत जातो. भावंडे असतील तर नोकरी सोडणाऱ्याचे नुकसान इतरांनी दरमहा ठरावीक रक्कम देऊन वाटून घ्यावे, आणि ते आधीच ठरवावे.

रजा असो की कमी तास, अर्ज करताना दोन गोष्टी लेखी मागून घ्याव्यात: ही सवलत कोणत्या तारखेपर्यंत आहे, आणि त्यानंतर पूर्वीच्या तासांवर व पूर्वीच्या पदावर परतता येईल का. तोंडी आश्वासन देणारा वरिष्ठ तोपर्यंत दुसऱ्या विभागात गेलेला असू शकतो.