फोंड्याकडचा सुतार: हात झकास, सवयी तेवढ्या सोडा

फोंड्याच्या बाजूला एका वर्कशॉपमधून फणसाच्या लाकडाचं दार करून घेतलं. मिस्त्रीचा हात चांगला आहे, रंधा असा मारलाय की बोट कुठे अडकत नाही, सांधे पण घट्ट. पण बिजागरीचे स्क्रू! आधी ड्रिलने भोक पाडायचं सोडून अर्धाअधिक स्क्रू हातोडीने ठोकायचा आणि शेवटचे दोन आटे फक्त फिरवायचे, ही खोड काय जात नाही, विचारलं तर म्हणे "सायबा, सगळे असंच करतात". अहो पण ठोकल्याने आतले धागे फाटतात, मग आटे पकड घेणार कशात?

दुसरं म्हणजे दाराच्या वरच्या-खालच्या कडेला पॉलिश नाही, दिसत नाही म्हणून सोडून दिलं, आणि उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथेच असतात, ती सगळ्यात जास्त पाणी पितात, मग आपल्याकडच्या पावसात दार रुंदीला फुगून चौकटीत अडकणारच (लांबीला लाकूड फारसं वाढत नाही). पटाशीला धार मात्र कायम असते, हे मानलं. गॉगल न लावता कटर चालवतात ते बघवत नाही.

दर वाजवी, वेळ पाळतात. साडेतीन स्टार. जा, फक्त बिजागऱ्या बसवताना समोर उभे रहा.