तीन दिवस दुसऱ्याच चांदूरचा इतिहास वाचला: आठ महिन्यांचा अनुभव

दिवाळीच्या आधी शाळेची शताब्दी निघाली आणि स्मरणिकेत गावाच्या इतिहासाचं एक पान लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वाचनालयाची किल्ली माझ्याकडे असते, एवढीच पात्रता. आता पेरण्या तोंडावर आल्या. स्मरणिका कधीच वाटून झाली, पण ही पुस्तकं काही हातातून सुटली नाहीत. म्हणून हा अनुभव.

सगळ्यात जास्त वापरलं ते 1911 चं अमरावती जिल्ह्याचं गॅझेटिअर. इंग्रजीत आहे. स्कॅन उतरवून घेतलं आणि झेरॉक्सवाल्याकडून दोन स्पायरल करून आणले. शेवटच्या भागात गावं अक्षरवारीने दिली आहेत. तिथे ‘चांदूर’ दिसलं आणि मी वहीत उतरवत सुटलो. चौथ्या दिवशी मजकुरात रेल्वे आली. आमच्या चांदूर बाजारात तेव्हा कुठली रेल्वे? नरखेडची लाइन तर परवा-परवाची. ते निघालं चांदूर रेल्वे! 1911 साली जिल्ह्यात सहाच तालुके होते: अमरावती, चांदूर, मोर्शी, एलिचपूर, दर्यापूर आणि मेळघाट. आमच्या तालुक्याचा पत्ताच नाही, आमची गावं एलिचपुरात. म्हणजे आजचं अचलपूर, तेही इंग्रजी ‘ई’खाली शोधायचं. शिवाय एलिचपूर हा 1905 पर्यंत वेगळा जिल्हा होता. त्याआधीचे अमरावतीचे कागद कितीही चाळा, दर्यापूर, मेळघाट, अचलपूरकडची गावं हाती लागत नाहीत. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर अर्धी वही वाया गेली नसती.

दुसरी चूक म्हणजे मी ‘इतिहास’ नावाच्या प्रकरणापासून सुरुवात केली. तिथे गाविलगड आहे, 15 डिसेंबर 1803 ला वेलस्लीने तो घेतला, मग देवगावचा तह. सगळं बरोबर, पण माझ्या गावाचा माणूस त्यात कुठेच नाही. तो भेटला शेतसाऱ्याच्या, भाव-मजुरीच्या आणि दुष्काळाच्या प्रकरणांत. वऱ्हाडात सारा थेट रयतेवर होता आणि वर्धा नदीपलीकडे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजाराने गोळा करून सरकारात भरायचा. माझी आजी नागपूरकडची. ती ‘आमचे मालगुजार’ म्हणायची तेव्हा आम्ही पोरं हसायचो, कारण आमच्याकडे पाटील-देशमुख, मालगुजार कोणी पाहिलेलाच नव्हता. साठ वर्षांनी तो शब्द मला साऱ्याच्या प्रकरणात उमगला.

कापसाचाही असाच प्रकार. रेल्वे येण्याआधी वऱ्हाडचा कापूस बैलांवर लादून गंगेकाठच्या मिर्झापूरला जायचा. पुढे अमेरिकेतल्या यादवीत (1861 ते 65) भाव चढले, 1867 ला गाडी नागपूरला पोचली आणि विलायतेच्या बाजारात आमच्या कापसाचं नावच ‘ऊमरा’ पडलं, उमरावतीवरून. पारावर हे वाचून दाखवलं तर आमचे काकाजी म्हणाले, “नाव आपलं अन् भाव त्यायचा, तवाही असंच व्हय मंग!”

मराठीत यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ (1924) घ्याच. भाषा जुनी, वाक्यं लांब, दुपारी जेवून वाचायला बसाल तर डुलकी ठरलेली. राजे-नबाब, निजाम-भोसले यांचीच गर्दी जास्त. पण वसुलीची दोअमली, म्हणजे एकाच रयतेवर दोन धनी, हे समजून घ्यायला त्याचा फार उपयोग झाला.

मला सर्वांत आवडलं ते मात्र इतिहासाचं पुस्तकच नाही. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लिहिलेलं, महानुभाव पंथाच्या रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचं चरित्र, वि. भि. कोलते यांनी संपादित केलेलं. रिद्धपूर आमच्याहून फार लांब नाही, बाजाराला जाता-येता पाटी दिसते. या चरित्रात राऊळ, म्हणजे गोविंदप्रभू, गावभर हिंडतात, कोणाच्याही घरी शिरून खातात, पोरांत खेळतात, मातंगांच्या वस्तीतही जातात. सातशे वर्षांपूर्वीचं छोटं गाव रस्त्यावरून पाहावं तसं दिसतं. टिपा उघड्या ठेवूनच वाचा. पहिली वीस पानं जड जातात, नंतर आपलीच बोली जुन्या कपड्यांत आल्यासारखी वाटते.

शेवटचं ‘वाचन’ कोतवाल बुकाचं. तहसिलीत मागितलं तर पहिला प्रश्न, “जातीचा दाखला काढाचा हाये का?” नाही म्हटल्यावर बराच वेळ माझ्याकडेच पाहत राहिले. जन्म-मृत्यूच्या नोंदी, काही पानं मोडीत, ओळखीच्या निवृत्त गुरुजींना सोबत नेऊन वाचून घेतली. ऑक्टोबर 1918 आला आणि गुरुजींचा आवाज मंदावला. कारणाच्या रकान्यात ताप, ताप, ताप. पान उलटलं तरी ताप. मोठ्या साथीचं नाव त्यांनी घेतलं नाही, मीही नाही. एका घरातली चार नावं आठवड्यात आली होती. त्या घराचा पडका ओटा अजून आहे, त्यावर पोरं गोट्या खेळतात. गॅझेटिअर 1911 चं, त्यात हे असायचा प्रश्नच नव्हता.

स्कॅन वापरणार असाल तर तक्त्यांचे आकडे दोनदा तपासा, माझ्या प्रतीत दोन रकाने एकमेकांत घुसले आहेत आणि नकाशा अर्धाच आला आहे. स्पायरल वाचनालयात ठेवले आहेत. पहिला सध्या काकाजींकडे आहे, इंग्रजी येत नसताना. नातवाकडून रोज एक पान वाचून घेतात आणि परत मागितला की म्हणतात, “एलिचपूर होऊ दे बापू, मंग ने.”